खरखर कुणाची?

पावसाळ्यात बुरोंडीच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात. १ जूनपासून मासेमारीला सरकारी बंदी, आणि बंदी नसती तरी जुलैतल्या दर्यात होडी लोटण्याइतकं वेड कुणाला लागलेलं नसतं. हात रिकामे असले की जाळी दुरुस्त होतात, इंजिनं खोलली जातात, आणि हल्ली एखाद्या पडवीत गिटारचा पेडलही जुळवला जातो. अशाच एका जुलैत ताईकडे गेलो होतो. भाच्यानं मला पडवीतल्या बाकड्यावर बसवलं, गिटारची केबल एका पत्र्याच्या डबीत खुपसली, डबीतून दुसरी केबल अँपला लावली आणि पायानं बटण दाबलं.

"मामा, ऐका."

बाहेर कौलांवर पाऊस पडत होता. बटण दाबल्याबरोबर तो अँपमध्येही पडू लागला.

"ट्रान्झिस्टर खराब लागला," भाचा म्हणाला. "लो-नॉइज मागवतो मुंबईहून. लागला तर परदेशातून."

या प्रकरणात त्या वाक्याचीच झाडाझडती घ्यायची आहे. गिटारचा घरगुती बूस्टर बांधणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे वाक्य बोलतो. त्यातला पहिला शब्द बहुधा बरोबर असतो, ट्रान्झिस्टरच. 'खराब' हा दुसरा शब्द मात्र सिद्ध व्हायचा असतो.

बूस्टर म्हणजे काय ते आधी. गिटारच्या तारांखाली चुंबकावर गुंडाळलेल्या तारेचं वेटोळं असतं, त्याला पिकअप म्हणतात. लोखंडी तार हलली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. जोरात छेडलं तर शंभर-दोनशे मिलिव्होल्ट, हळू छेडलं तर त्याहून खूपच कमी. बूस्टर ही वीज दहा-वीस पटींनी वाढवतो. म्हणजे अँपला जरा जास्त जोर मिळतो, सोलो वाजवताना आवाज बाकीच्यांच्या वर येतो, आणि जुन्या धाटणीच्या अँपमध्ये तो आवाज थोडा फाटतो. हे फाटणं मुद्दाम हवं असतं. कोकणात ज्यांनी गिटार जवळून पाहिलेली नाही त्यांनीही हे तंत्र ऐकलेलं आहे. वरातीत आणि मिरवणुकीत जो 'बेंजो' वाजतो, ते मूळचं बुलबुलतरंग. त्याचं घराणं १९१२ साली नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टंकलेखन यंत्रासारखी बटणं लावून केलेल्या ताइशोगोतो या जपानी वाद्यापर्यंत जातं. आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांनी त्याच्या तारांखाली पिकअप बसवला आणि लाउडस्पीकरला जोडला. २०१६ साली रवी जाधव यांनी ज्यावर 'बँजो' हा हिंदी चित्रपट केला तेच हे वाद्य. गिटार असो की बेंजो, पिकअपचं शास्त्र एकच. पुढचं सगळं दोघांनाही लागू आहे.

आणखी एक, 'ट्रान्झिस्टर' या शब्दाबद्दल. आमच्या वडिलांच्या पिढीला ट्रान्झिस्टर म्हणजे खांद्याला अडकवायचा रेडिओ. आतल्या तीन पायांच्या दाण्याचं नाव सगळ्या खोक्याला मिळालं. त्या खोक्यांमधले कितीतरी दाणे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बनवलेले असत: आधी जर्मेनियमचे एसी १२७, एसी १२८, मग सिलिकॉनचे बीसी १४७, १४८ आणि १४९. या तिघांमध्ये १४९ शांत समजला जाई. भाच्याच्या वयाचा होतो तेव्हा मीही दुकानात '१४९ आहे का' असंच विचारत असे. का शांत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं.

आता खरखर. कान नीट लावला तर तिच्यात निरनिराळे आवाज ऐकू येतात, आणि ते वेगळे काढता आले की निम्मं काम झालं.

'घूं' असा खालच्या पट्टीतला आवाज येत असेल तर ट्रान्झिस्टरचा संबंध संपला. ती घरातली ५० हर्ट्झची वीज आहे. पिकअप हे वेटोळं असल्यामुळे ते ट्यूबलाइटच्या चोकचं, पंख्याच्या रेग्युलेटरचं, स्वस्त एलईडी दिव्याच्या आतल्या सर्किटचं सगळं बोलणं ऐकतं. कोकणात त्यात भर अर्थिंगची. मे महिन्यात जांभ्याची जमीन कोरडी ठक्क होते, मीठ-कोळशाच्या खड्ड्यात कुणी पाणी ओतत नाही, आणि अँपचा पत्रा नुसता नावाला जमिनीशी जोडलेला राहतो. गिटार हातात घेऊन गोल फिरा. एखाद्या दिशेला तोंड केल्यावर घूं कमी झाली तर ती पिकअपमधून येतेय. बूस्टर ॲडॉप्टरऐवजी ९ व्होल्टच्या बॅटरीवर लावल्यावर गेली तर ॲडॉप्टरमधून.

'तडतड', लाह्या फुटाव्यात तशी, अधूनमधून आणि अनियमित येत असेल तर मात्र दाणा संशयित. सिलिकॉनच्या स्फटिकात दोष असला, पृष्ठभागावर घाण राहिली, की प्रवाह दोन पातळ्यांमध्ये अचानक उड्या मारतो. असा नग सुधारत नाही, फेकून द्यावा. फेकण्याआधी सोल्डरचा डाग आणि जॅक पाहून घ्यावा. समुद्रकाठी खारी हवा तांब्या-पितळेला सोडत नाही, आणि हिरवट पडलेला जॅक हुबेहूब असाच तडतडतो.

राहिली ती 'सूं', पावसासारखी, एकसारखी. भाच्याची तक्रार हीच होती.

ही सूं दोन मुळांतून येते. पहिलं मूळ उष्णता. कोणत्याही रोधकात, म्हणजे बाजारातल्या भाषेत रेझिस्टरमध्ये, इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत धडपडत असतात. बॅटरी लावलेली नसली तरी त्याच्या दोन टोकांमध्ये अतिशय बारीक, दिशाहीन व्होल्टेज खेळत राहतं. बेल प्रयोगशाळेतले जॉन जॉन्सन यांनी ते मोजलं आणि त्यांचे सहकारी हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं गणित मांडलं. दोघांचे लेख १९२८ सालचे. गंमत अशी की रेझिस्टर कोणत्या कंपनीचा, किती महाग, याचा या आवाजाशी काही संबंध नाही. रोध किती, तापमान किती आणि ऐकायचा पट्टा किती रुंद, एवढंच. पिकअपच्या वेटोळ्याचा रोध साधारण ७ किलोओहम धरला, खोलीचं तापमान २७ अंश आणि ऐकण्याचा पट्टा १० हजार हर्ट्झ, तर गिटार स्वतःच एक मायक्रोव्होल्टच्या थोडी वर सूं करत असते. तारा दाबून धरल्या तरी. बूस्टरनं वीसपट वाढवलं की ही सूंदेखील वीसपट वाढली. त्याखाली जगातला कुठलाच ट्रान्झिस्टर जाऊ शकत नाही.

दुसरं मूळ असं की वीज दाणेदार आहे. ती पाण्याच्या धारेसारखी वाहत नाही, सुपातून तांदूळ पडावेत तशी एकेक इलेक्ट्रॉननं पडते. सरासरी प्रवाह स्थिर असला तरी दाणे कधी दाट पडतात, कधी विरळ. वॉल्टर शॉटकी यांनी १९१८ मध्ये हे व्हॅक्यूम ट्यूबच्या संदर्भात दाखवलं. ट्रान्झिस्टरचे तीन पाय म्हणजे कलेक्टर, बेस आणि एमिटर; त्यात हे दोन ठिकाणी घडतं: कलेक्टरच्या मोठ्या प्रवाहात आणि बेसच्या छोट्या प्रवाहात. यातला दुसरा लोक विसरतात, आणि गिटारच्या बाबतीत खरा उपद्रव त्याचाच आहे.

भाच्यानं बांधलेला बूस्टर नव्यानं शोधलेला नव्हता. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीनं साठच्या दशकाच्या अखेरीस 'लिनियर पॉवर बूस्टर' नावाची डबी काढली. सर्किट बॉब मायर यांचं, आणि तेही बेल प्रयोगशाळेत काम केलेले. (जॉन्सनही तिथले, आणि डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला तोही तिथेच. या विषयात कुठूनही निघा, माणूस फिरून त्याच प्रयोगशाळेत येतो.) सर्किटमध्ये एकच ट्रान्झिस्टर. कलेक्टरला १० किलोओहम, एमिटरला ३९० ओहम, बेसला वरून ४३० आणि खालून ४३ किलोओहम, दोन कपॅसिटर, एक व्हॉल्यूम. संपलं. जगभर आज हजारो जण पहिला पेडल म्हणून हाच बांधतात, आणि बांधावाही.

यात कलेक्टरमधून अर्धा मिलिअँपिअर वाहतो. ट्रान्झिस्टरचा लाभ, म्हणजे मल्टिमीटरवर 'एचएफई' म्हणून येणारा आकडा, ४०० असेल तर बेसमध्ये सव्वा मायक्रोअँपिअर. इतक्या प्रवाहावर ट्रान्झिस्टरचं स्वतःचं व्होल्टेजचं गाणं, एमिटरचा रेझिस्टर धरूनही, पिकअपच्या एक मायक्रोव्होल्टच्या जेमतेम तिसरा हिस्सा भरतं. आणि असे आवाज सरळ बेरजेनं मिळत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावं लागतं. एकात एक-तृतीयांश मिळवला तर १.३३ होत नाही, १.०५ होतो. कानाला तो फरक कळणारच नाही. इथवर ट्रान्झिस्टर निर्दोष.

आता बेसचा प्रवाह. त्याचं दाणेदारपण पिकअपच्या वेटोळ्यातून जातं आणि तिथे व्होल्टेज बनतं. वेटोळं जितकं आडवं येईल तितकं जास्त. पिकअप खालच्या स्वरांना ७ किलोओहमचा दिसतो, पण ते वेटोळं आहे. त्याला इंडक्टन्स आहे, एका कॉइलच्या पिकअपला दोन-तीन हेन्री. तीन हेन्रीचं वेटोळं ३ हजार हर्ट्झला ५० किलोओहमच्या वर अडवणूक करतं. म्हणजे नेमक्या त्या पट्टीत, जिथे कान सर्वांत तिखट असतो आणि जिथे सूं ही सूं म्हणून ऐकू येते, तिथे बेसच्या प्रवाहाची खरखर पिकअपच्या स्वतःच्या खरखरीच्या तिप्पट होऊन बसते. लाभ ४०० ऐवजी १०० असेल तर बेसचा प्रवाह चौपट, आणि त्याची खरखर दुप्पट.

म्हणून गिटारसाठी 'शांत' ट्रान्झिस्टर म्हणजे पहिल्यांदा जास्त लाभाचा आणि कमी प्रवाहावर चालवलेला ट्रान्झिस्टर. नाव नंतर. मायक्रोफोनच्या दोनशे ओहमपुढे जो दाणा उत्तम शांत तोच पिकअपपुढे बडबड करू शकतो, आणि उलटही. माणसांसारखंच आहे, कोण गप्प हे कोणासमोर त्यावर ठरतं.

इतकं समजल्यावर मी भाच्याला कागदावर आणखी एक हिशोब करून दाखवला, आणि तो त्याला अजिबात आवडला नाही. बेसखालचा ४३ किलोओहमचा रेझिस्टर. जॉन्सनच्या नियमानं तोही उष्णतेची खरखर करतो, आणि ती बेसच्या बिंदूवर प्रवाह म्हणून ओतली जाते. किती? सव्वा मायक्रोअँपिअर बेस-प्रवाहाच्या खरखरीइतकीच, जवळजवळ तंतोतंत. म्हणजे परदेशातून स्वर्गीय, बेस-प्रवाहच नसलेला ट्रान्झिस्टर आणून बसवला तरी हा चार आण्यांचा शेजारी जागच्या जागी सूं करत राहणार. सुधारणा फार तर ३ डेसिबल. कान लावून बसलेल्याला कळेल, वाजवणाऱ्याला नाही.

मग बदलायचं काय? आजूबाजूचं. आम्ही कलेक्टरला ३९ किलोओहम लावला, एमिटरला दीड, बेसला वरून २.२ मेगाओहम आणि खालून २२० किलोओहम. प्रवाह अर्ध्या मिलिअँपिअरवरून त्याच्या चौथ्या हिश्श्याच्याही खाली आला, कलेक्टर साडेचार व्होल्टच्या आसपास स्थिरावला, म्हणजे बॅटरीच्या बरोबर मधे. बेसच्या बाजूची खरखर निम्म्यावर. वर बक्षीस म्हणून बूस्टर पिकअपला ओढेनासा झाला: आधी तो जेमतेम तीसेक किलोओहमचा दिसत होता आणि गिटारची वरची चमक खात होता, आता दीडशेच्या घरात गेला. किंमतही मोजावी लागली. वाढ वीसपटीवरून सोळाच्या आसपास आली, आणि डबीनंतरची केबल फार लांब ठेवता येत नाही. पडवीतून ओटीपर्यंत पुरते.

आता नावं. दुकानात काय मागायचं ते सांगतोच, कारण वाचकानं एवढं वाचलं ते त्याच्यासाठी.

साधा, कुठेही मिळणारा बीसी ५४७. त्याचाच भाऊ बीसी ५४९. कंपनीच्या माहितीपत्रकात दोघांच्या 'नॉइज फिगर'चे, म्हणजे दाणा आपल्या पदरची किती खरखर घालतो याचे आकडे दिलेले असतात. ५४७ चा सर्वसाधारण २ डेसिबल, कमाल १०. ५४९ चा सर्वसाधारण १.२, कमाल ४. सर्वसाधारण आकड्यांमध्ये फारसं अंतर नाही हे पाहा. अंतर आहे ते हमीत. ५४७ च्या पिशवीत बहुतेक दाणे शांत निघतील, एखादा पावसाळी निघाला तर कंपनी हात वर करील. ५४९ च्या बाबतीत तिनं ४ वर रेघ ओढलेली आहे. धातूच्या टोपीतल्या जुन्या बीसी १०७, १०८ आणि १०९ मध्येही हेच नातं होतं, आणि आमच्या १४९ मध्येही. बीसी ५५० थोडा जास्त व्होल्टेज सोसतो. ९ व्होल्टच्या डबीत त्यासाठी जादा पैसे देण्यात अर्थ नाही.

नावापुढचं अक्षर विसरू नका. ए म्हणजे लाभ ११० ते २२०, बी म्हणजे २०० ते ४५०, सी म्हणजे ४२० ते ८००. आपल्याला सी हवा. ५४९ ए घेण्यापेक्षा ५४७ सी घेतलेला बरा, असं माझं मत आहे, आणि वरचा हिशोब पाहता ते निव्वळ मत राहत नाही.

अमेरिकी घराण्यात २एन ५०८८ चांगला. त्याचा लाभ ३०० च्या वर, आणि त्याची खरखर मोजताना कंपनीनं समोर १० किलोओहमचा स्रोत आणि १०० मायक्रोअँपिअरचा प्रवाह धरलाय. आपल्या पिकअपच्या परिस्थितीशी हे ५४९ च्या २ किलोओहमपेक्षा जास्त जुळतं. माहितीपत्रक वाचताना आकड्याआधी ही अट वाचावी. अट जुळत नसेल तर आकडा दुसऱ्या कुणाचा आहे असं समजावं. फक्त पाय सांभाळा. सपाट बाजू आपल्याकडे केली की बीसी घराण्यात डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर; ५०८८ मध्ये एमिटर, बेस, कलेक्टर. उलटा बसवला तरी तो बंद पडत नाही, हीच फसगत. तो मरतुकडा लाभ देत, सूं-सूं करत, चालू राहतो. माझा आयुष्यातला पहिला बूस्टर असा दोन महिने चालला होता, आणि त्या दोन महिन्यांत मी दुकानदाराला मनातल्या मनात बरंच काही बोललो होतो.

आणखी एका पापाची कबुली. काट्याच्या जुन्या मल्टिमीटरमध्ये ओहमच्या सर्वांत वरच्या पट्ट्यावर आतली ९ व्होल्टची बॅटरी लागते. त्या पट्ट्यावर ट्रान्झिस्टरचे पाय शोधताना बेस-एमिटर जोडावर उलटा दाब येतो. हा जोड उलट्या दिशेनं पाच व्होल्टच्या पुढे सोसायला केलेलाच नसतो. तो फुटतो, पण मरत नाही. लाभ थोडा घटतो आणि खालच्या पट्टीतली गुरगुर कायमची वाढते. म्हणजे शांत दाणा निवडण्याच्या परीक्षेतच त्याला बडबड्या करून ठेवायचं. पाय शोधायला डिजिटल मीटरचा डायोडचा पट्टा वापरावा, तो इतका दाब देत नाही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, किंवा पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत, हे सगळं काही रुपयांत मिळतं. जपानी लो-नॉइज नावं मात्र जपून. ज्यांचं उत्पादन कंपनीनं थांबवलंय त्यांच्या नावाचे नवेकोरे, चकचकीत दाणे ढिगानं विकायला असतील तर दुसऱ्याच दाण्यावर नाव छापलेलं असण्याची शक्यता मोठी. पाच रुपयांच्या ५४९ ची नक्कल करण्यात कुणाला फायदा नाही, हा त्याचा न सांगितलेला गुण.

जर्मेनियमवाल्यांची बाजूही ऐकली पाहिजे. लंडनच्या डॅलस कंपनीचा साठच्या दशकातला 'रेंजमास्टर' एकाच जर्मेनियम ट्रान्झिस्टरवर, ओसी ४४ वर, चालायचा. रोरी गॅलाघर आणि टोनी आयोमी यांच्या हाती तो गाजला, क्वीनच्या ब्रायन मे यांनी तोच रस्ता धरला. त्या आवाजात काहीतरी मऊपणा आहे, खोटं नाही. पण शांतपणासाठी जर्मेनियम घेऊ नये. त्यातून बेस मोकळा सोडला तरी प्रवाह गळत राहतो, आणि दर दहा अंशांना ही गळती साधारण दुप्पट होते. डिसेंबरच्या पहाटे जुळवलेला बूस्टर बुरोंडीच्या मे महिन्यातल्या दुपारी वेगळंच यंत्र असतं. घ्यायचाच तर जुन्या रेडिओतले एसी १२८ सारखे दहा-बारा दाणे घेऊन गळती मोजावी. शंभर-दोनशे मायक्रोअँपिअरपर्यंत चालवून घ्यावं; त्याच्या फार पुढे गेलेला दाणा बहुधा खरखरतोही.

आणि ट्रान्झिस्टरची एक वेगळीच जात आहे. फेट. आपल्या कॉलेजांच्या प्रयोगशाळांत बीएफडब्ल्यू १० नावाचा धातूच्या टोपीतला फेट अनेक पिढ्यांनी हाताळला आहे, बहुतेकांनी फक्त आलेख काढण्यापुरता. फेटच्या दारातून, म्हणजे गेटमधून, प्रवाह जवळजवळ जातच नाही. त्यामुळे बेस-प्रवाहाच्या खरखरीचा प्रश्नच मिटतो. एक मेगाओहमचा रेझिस्टर गेटला लावा, पिकअप मोकळा श्वास घेतो. अडचण अशी की एकाच पिशवीतले दोन फेट सारखे नसतात, प्रत्येकाला प्रीसेट लावून व्होल्टेज जुळवावं लागतं; आणि गिटारवाल्यांचा लाडका जे २०१ लांब पायांच्या जुन्या रूपात आता सहज मिळत नाही, त्यामुळे त्याच्या नकला फार. भाच्यासारख्या नवख्याला मी ५४९ सीच देईन. दुसऱ्या डबीला फेट.

निवड कशी करायची, तर ऐकून. सर्किटमध्ये ट्रान्झिस्टर सोल्डर न करता तीन भोकांचं सॉकेट लावावं. इथे बहुतेक जण इनपुट जमिनीला जोडून खरखर तपासतात आणि फसतात, कारण इनपुट बुजवलं की बेस-प्रवाहाची खरखर ऐकूच येत नाही. सगळेच दाणे साधू वाटतात. त्याऐवजी दोन जॅक तयार करावेत, एकात १० किलोओहम आणि दुसऱ्यात ४७ किलोओहमचा मेटल फिल्म रेझिस्टर, दुकानाच्या भाषेत एमएफआर. सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा जमिनीच्या तारेला जोडावा, झाकण लावावं, बॅटरीवर चालवावं आणि हेडफोननं ऐकावं. पहिल्या जॅकवर शांत आणि दुसऱ्यावर खरखरणारा दाणा कमी लाभाचा समजावा. कुठेही लाह्या फुटल्या की बाद. एक-एक दाणा मिनिटभर तरी ऐकावा. लाह्या लगेच फुटतात असं नाही. रेझिस्टर सगळे मेटल फिल्म घ्यावेत, विशेषतः कलेक्टरचा. जुने कार्बनचे रेझिस्टर त्यांच्यावर व्होल्टेज आलं की जॉन्सनच्या हिशोबाबाहेरची आपली वेगळी खरखर करतात, आणि कलेक्टरवर बॅटरीचा निम्मा दाब कायम असतो.

हे सगळं एका डबीसाठी अति वाटत असेल तर नारायणगावजवळच्या खोडदला जाऊन यावं. तिथे गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानं उभ्या राहिलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. आकाशातून येणारी कुजबुज पकडताना तबकडीच्या नाभीपाशीच, केबल सुरू होण्याआधी, शांत ॲम्प्लिफायर बसवलेला असतो. कारण पहिल्या पायरीची खरखर पुढच्या प्रत्येक पायरीत वाढत जाते, आणि पुढच्या पायऱ्यांची खरखर त्या मानानं नगण्य ठरते. हॅरल्ड फ्रिस यांनी १९४४ मध्ये हे सूत्रात बांधलं. बूस्टर ही गिटारची पहिली पायरी. तीन पेडल असतील तर बूस्टर शेवटी टाकून खरखर जाईल अशी आशा करणाऱ्यांनी हे सूत्र आठवावं: तो तोवर जमलेली सगळी खरखर वीसपट करतो.

पडवीतल्या त्या डबीत आम्ही वीस दाणे फिरवून पाहिले. सगळे ५४९ सी. सतरा जणांमध्ये मला फरक सांगता आला नाही, भाच्याला सांगता येतो असं तो म्हणतो. दोन किंचित जास्त सूं करत होते, एक लाह्या फोडत होता. सतरातला एक लावला, रेझिस्टर बदललेले होतेच. पाऊस बराच ओसरला. उरला त्यातला निम्मा ओटीवरची ट्यूबलाइट बंद केल्यावर गेला. आणि बाकीचा गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणल्यावर गेला, म्हणजे तो गिटारचा आणि तिच्यातून जाणाऱ्या बेस-प्रवाहाचा होता, या डबीत त्याला आणखी इलाज नाही.

तुम्हाला बांधायचा असेल तर यादी एवढीच: बीसी ५४९ सी वीस, एमएफआर अर्धा डझन, कपॅसिटर दोन, व्हॉल्यूम एक, सॉकेट एक, खाऱ्या हवेत राहत असाल तर जॅक चांगल्यातले. बिस्किटांचा रिकामा डबा घरात असेलच. परदेशातून काही मागवू नका.